तारतंत्री की वीजतंत्री

देवघरातली पितळी भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. समई आणि ताम्हण झालं, घंटी आणि निरांजनं राहिली होती. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ सारिका आयटीआयचा कागद घेऊन आली. "आक्का, हात पुसा आन् बाहेर चला. आबा कागद वाचायचा म्हणत्यात."

सारिकाचं माहेर शिरूरचं. दहावी चांगल्या मार्कांनी झाली, पुढं लग्न होऊन ती राहू गावी आमच्या वस्तीवर आली, त्याला नऊ वर्षं झाली. आली त्याच साली माझा मिक्सर बंद पडला, तर हिनं तो परातीत खोलून पुन्हा चालू केला. तेव्हापासून वस्तीवरचे पंखे, इस्त्र्या, विहिरीवरचे स्टार्टर, सगळं हिच्याकडे. टेस्टर कायम अंबाड्यात खोचलेला. सप्त्यात माईक बंद पडला तेव्हा कीर्तनकार महाराजच म्हणाले, "त्या टेस्टरवाल्या माउलींना बोलवा." पण विहिरीवरची जळालेली मोटार आली की ही हात जोडते. वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, भरायला कुणी शिकवलेलं नाही. मग मोटार टेम्पोत घालून दौंडला जाते आणि ही टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बांधावर उभी राहते.

म्हणून यंदा आयटीआय. दौंडला जाऊन येऊन दोन वर्षं. तिचे मालक पोपटभाऊजी पाटसच्या कारखान्यात कामाला, ते लगेच हो म्हणाले. अडलं होतं आमच्या सासऱ्यांपाशी. "शिवण शीक, पार्लर शीक. विजेशी खेळ नगं," हे आबांचं एकच. तिची लेक समृद्धी शाळेतून आली की आबांपाशीच राहणार, त्यामुळे त्यांच्या मनाविरुद्ध जायचं नाही, हे सारिकानंच ठरवलेलं. आणि फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस.

कागदावर कोर्सची नावं मराठीत होती. आबांनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि एकदम खुलले.

"हे बग! तारतंत्री. हे घे की! रानाला कुंपण घालायचंच हाय, डुकरांनी भुईमूग ठेवला न्हाई. गड्यांना तार धड ताणता येत न्हाई. तू शिकून ये."

मी पदर तोंडाला लावला आणि सारिकाला आत ओढलं. "गप बस. तारतंत्री म्हणजे वायरमनच ना? विजेचंच की ते. लिही आणि मोकळी हो. देवानंच वदवलंय त्यांच्या तोंडून."

"आक्का, फॉर्मात पहिल्या नंबरला लिहिलेलं मिळालं तर घ्यावंच लागतं. मला मोटारी भरायला शिकायच्यात, त्या वीजतंत्रीत, म्हंजी इलेक्ट्रिशियनमध्ये, जास्त. आन् आबांना फसवून गेले तर दोन वर्षं त्यांना तोंड कसं दाखवू?"

ती बाहेर जाऊन आबांसमोर बसली.

"आबा, ही कुंपणाची तार न्हाई, विजेची हाय. तारतंत्री म्हंजी वायरमन."

आबा हबकले. "वायरमन? आपल्या विजेच्या डीपीवर येतो त्यो? खांबावर चढतो त्यो?"

"व्हय."

"माझी सून खांबावर! सगळं गाव खाली उभं राहून बघंल!" त्यांनी कागद पुन्हा ओढला. "मग हे वीजतंत्री काय? ह्येबी चढतंय का?"

मी डोळ्यांनी तिला 'नाही म्हण' सांगत होते. पण ही खरं बोलणारी.

"थोडं ह्यातबी चढायला लागंल आबा. पण जास्त काम मोटारीचं. खाली बसून उघडायची, वाइंडिंग भरायचं."

"किती थोडं?"

"शिकण्यापुरतं."

"आन् शॉक?"

"आधी लाईन बंद, मग हात. पहिलं तेच शिकवत्यात."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी आपली मोटार जळली तर दौंडला न्यायची न्हाई?"

"न्हाई. अंगणातच भरीन."

"मग हेच पयल्या नंबराला लिही. आन् ते खांबावरचं पार तळाला टाक."

सारिका वाकली तसे आबा पाय मागं घेत म्हणाले, "पाया काय पडतीस? कुंपणाचं काय करायचं ते सांग आधी!" सारिका इतकी हसली की समृद्धी अभ्यास सोडून बघायला आली.

दुपारी गावातल्या सेवा केंद्रात फॉर्म भरून झाला. वीजतंत्री, पहिला नंबर. पावती देवापुढं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं.

प्रवेशाच्या वेळी दाखवायचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र अजून तिच्या जुन्या शाळेतच आहे. उद्या सकाळच्या एसटीनं सारिका शिरूरला जाणार, दाखला आणायला.