पांढरी गच्ची आणि वडियालु

आमच्या नगरपालिकेला हवामान आराखडा करायचा हुकूम आला, तेव्हा कार्यालयाने कुठल्याशा गावाचा आराखडा जसाच्या तसा उतरवला. त्यात समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणाचंही कलम होतं! समुद्र पाहायला आम्हाला रात्रभर प्रवास करावा लागतो. मी तिथली नगरसेविका. सभेत ते कलम ऐकून हसले, तर सगळे म्हणाले, "मग तुम्हीच करा." म्हणून हैदराबादला निघाले. तिथे उन्हाळ्यात घरं थंड राहावीत म्हणून गच्च्या पांढऱ्या रंगवताहेत, असं मावशीने फोनवर सांगितलं होतं.

सकाळी सिकंदराबादला उतरले. स्टेशनाबाहेर इराणी चहात उस्मानिया बिस्कीट बुडवलं, ते अर्धं कपातच राहिलं. तरी जीव खूश झाला. रिक्षाने नल्लकुंट्याला आले.

मावशीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्ची इतकी तापते की दर उन्हाळ्यात तिला घराला कुलूप लावून लेकीकडे जाऊन राहावं लागतं. तिथे सगळे मायेने करतात, पण स्वतःची चूल नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. यंदा तिथल्या पालिकेच्या यादीत तिची इमारत होती. रंगही येऊन पडला होता. अडलं होतं ते खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मम्मांपाशी.

संध्याकाळी पालिकेचे साहेब आले, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर जमलो.

"नक्को साब," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "छत ठंडी होगई तो मेरे वडियालु (सांडगे) कैसे सूखते? नीचे से भी तपना ना!"

साहेब हवालदिल झाले. "अम्मा, पूरी छत का हुकूम है."

मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आमच्याकडेही कुरडया अशाच वाळतात. मावशीला तर त्यांचं म्हणणं आधीच पटलं होतं. "तिचंही खरंय गं. वर्षाचं वाळवण जाईल कुठे? साहेब, मेरे कमरे के ऊपर रंगाओ. जीने के ऊपर का इनके लिए छोड़ दो."

लक्ष्मम्मा तडक खाली गेल्या. आम्हाला वाटलं, रुसल्या. पण त्या मुग्गूचं (रांगोळीचं) पीठ घेऊन आल्या आणि गच्चीवर सरळ रेघ ओढली. मावशीच्या बाजूला त्यांनी रंगासाठी चांगली दोन पावलं जास्त सोडली होती.

साहेबांनी रेघेकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "हौ, चलेगा. प्लान में लिख देता मैं."

दुसऱ्या दिवशी रेघेपर्यंत रंग लागला. लक्ष्मम्मांनी आम्हाला पप्पू (वरण) आणि तळलेले वडियालु जेवू घातले. इतकं खाल्लं की गाडीत बसल्यावर झोपच लागली.

घरी येऊन मी आमच्या आराखड्यात पहिली सूचना लिहिली: गच्चीवर कोण काय वाळवतं, ते आधी विचारा. मुख्याधिकारी हसले, पण त्यांनी ती ठेवली. हुकूम वरून येतो, राहायचं मात्र शेजाऱ्यांबरोबर असतं, हे मला तिथे उमगलं.

ऐन मे महिन्यात लेकीने मावशीला नेहमीसारखा फोन केला, "आई, कधी येतेस?"

मावशी म्हणाली, "यंदा तूच ये माझ्याकडे."