धाकट्याच्या बाजूने

दादाच्या सलूनमधली दुसरी खुर्ची रिकामी पडली होती. धाकट्या भावाने भांडून चार दुकानं सोडून पलीकडे स्वतःचं सलून थाटलं, तेव्हापासून दादाच्या तोंडाला जणू कुलूपच लागलं. बायको वैतागली. "गिऱ्हाइकांशी हूं, माझ्याशी हूं. निदान कागदाशी तरी बोला!" म्हणत तिने वाचनालयातल्या लेखनवर्गात त्याचं नाव घालून टाकलं.

वर्ग घेणाऱ्या निवृत्त बाई भलत्याच खमक्या. रोज एक पान लिहायचंच, सबबी चालणार नाहीत. दुपारी दुकान ओस पडलं की दादा लिहायला बसायचा. डोळे मिटून ऐकलेले आवाज लिहायचे, नुसत्या चपलांवरून माणूस उभा करायचा. सुरुवातीला चार ओळींतच घाम फुटायचा, मग हात सैलावला. वर्गातल्याच पोस्टमनच्या शिंकेवरचं त्याचं पान ऐकून खुद्द पोस्टमनसकट सगळा वर्ग खो खो हसला. त्या संध्याकाळी तो बायकोशी कितीतरी वेळ बोलत बसला.

मग बाई म्हणाल्या, "आता तुमचं एखादं भांडण लिहा. पण लिहिणारा 'मी' म्हणजे समोरचा माणूस."

दादाने पानांमागून पानं फाडली. शेवटी लिहिलं आणि वर्गात एका दमात वाचून टाकलं. या वेळी कोणी हसलं नाही. पोस्टमनही नाही. पण तो दोन्ही भावांचं गिऱ्हाईक, आणि त्याच्या पोटात काही राहील तर शपथ.

दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकटा दारात उभा. बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"दाढी," एवढंच म्हणून तो खुर्चीत बसला.

दादाने फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. एक गाल झाला. पातं गळ्याशी आलं तसा धाकटा आरशात बघत म्हणाला, "माझ्या नावाने काहीबाही लिहितोस म्हणे. वाच."

"हलू नकोस. नंतर वाचतो."

"आत्ता."

वाचायची गरजच नव्हती, पान तोंडपाठ होतं. दादा पुटपुटला, "गिऱ्हाइकाचा गाल जरासा कापला, आणि दादाने सगळ्यांदेखत माझ्या हातातला वस्तरा हिसकावला. माझी लाज गेली..." त्याने पातं गळ्यापासून दूर केलं.

"साफ चूक," धाकटा म्हणाला. "वस्तरा घेतलास ते बरोबरच होतं, मी कापलंच होतं. पण तू त्या माणसाला म्हणालास, 'सांभाळून घ्या, अजून शिकतोय तो.' माझी पोरं कॉलेजात गेली, दादा. अजून शिकतोय?"

"मी असं म्हणालो?"

"बघ. तुला आठवतही नाही."

दादाने खूप आठवून पाहिलं. वस्तरा आठवत होता, रक्ताचा ठिपका आठवत होता. ते वाक्य काही केल्या आठवेना. इतके दिवस तो भावाच्या मनात शिरल्याच्या थाटात लिहीत होता, आणि शिरला होता भलत्याच घरात.

"आणखी काय काय विसरलोय मी?" त्याने विचारलं.

धाकटा बोलत सुटला. वडिलांच्या आजारपणातलं, गल्ल्याच्या किल्लीचं. काही खरं होतं, काही दादाला अजिबात पटलं नाही. उलट बोलायला दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. उरलेल्या गालावरचा फेस वाळून गेला, तेव्हा त्याने तो पुन्हा लावला आणि दाढी पुरी केली.

धाकट्याने तोंड पुसलं. "दुकान मी बंद करणार नाही हं."

"करू नकोस."

"वहिनी बरी आहे?"

"रविवारी जेवायला ये, मग तिलाच विचार."

दुपारी दादाने जुनं पान फाडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वर्गात बाईंनी वाचायला सांगितलं, तेव्हा तो जागेवरून उठला नाही.

"आज नको. आधी त्याला विचारतो."