ऑर्गनवाल्या मोठेबाबांचा सत्कार

आमच्या मोठेबाबांचा जाहीर सत्कार मी घडवून आणला आणि त्यात सत्कार सोडून बाकी सगळं झालं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आसगावात धानाची शेती आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या हंगामात गावोगावच्या नाटकांना ऑर्गन, यातच त्यांचा जन्म गेला. आमच्याकडे रंगमंचापुढे खड्डा खणतात आणि वाजवणारे त्यात बसतात. त्यामुळे पंचक्रोशीने त्यांचा ऑर्गन ऐकला, पण पाहिलं ते फक्त टक्कल! यंदा त्यांना चेहऱ्यासकट स्टेजवर बसवायचं, असं मी ठरवलं. (मी भंडाऱ्याला नोकरीला असतो, त्यामुळे असले विचार मला सुचतात.)

मोठेबाबांची अट एकच, एकदा शेवटचं वाजवू द्या. मी नाही म्हटलं. भर मंडईत हात चुकला तर जन्माची अब्रू जाईल, याची मला खरोखर धास्ती होती.

"बोटं थरथरते तुमची, मोठेबाबा."

"थरथरू दे. ऑर्गनात हवा भराले पाय त चालून राहिले ना?"

"तुमी फक्त खुर्चीवर बसा."

"खुर्चीवर बसाले मी काय नवरदेव आहो?"

तरी बसवलं. नाटकाआधी मी माईक घेऊन भाषण सुरू केलं. पहिल्याच पानावर मागची खुर्ची रिकामी झाली, हे मला कळलंच नाही. मी त्यांच्या कष्टांवर आलो आणि खड्ड्यातून करुण सूर निघाले. वाटलं, मोठेबाबांच्या जागी बसलेला नवा वादक जाणकार दिसतो! मी आवाज चढवला, सूरही चढले. शेवटी मी नाटकातल्या खलनायकासारखा गर्जत होतो आणि लोक शिट्ट्या मारत होते. पाणी प्यायला थांबलो, तर खालून थेट लावणीच सुरू झाली. वाकून पाहतो तर मोठेबाबा! बोटं थरथरत होतीच, पण ती थरथर सुरांत अशी काही उतरली होती की उरलेलं भाषण मी घडी करून खिशात टाकलं.

मी हळूच म्हटलं, वर या, शाल घ्यायची आहे. ते म्हणाले, "तूच खाली ये. माझे हात रिकामे नाही."

मी शाल पसरून वाकलो आणि नारळासकट खड्ड्यात गेलो! मोठेबाबांनी सूर न तोडता विचारलं, "ऑर्गनले लागलं त नाही ना?"

वर 'वन्स मोअर'चा एकच गजर झाला. मोठेबाबांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"जाय बाबू, वर जाऊन पुन्हा पड," ते म्हणाले. "मी वाजवतो."

मग काय, गेलो. आणि सांगायला हरकत नाही, दुसऱ्यांदा मी अगदी तालात पडलो!