हिरवे मणी

माझा दीर विनायक अंगणात पागाचे मणी ओततो. पाग म्हणजे खाडीत भिरकावायचं जाळं; त्याच्या घेरभर हे शिशाचे मणी ओवलेले असतात. पूर्वी तो त्यांना मेण चोळायचा, तरी हात काळे व्हायचेच. आता मण्यांवर रंगाची पावडर भुरभुरवतो आणि भंगारातून आणलेल्या ओव्हनमध्ये भाजतो. पावडर वितळून कातडीसारखी घट्ट बसते.

आज त्याने एक गार झालेला मणी खिडकीतून माझ्या हातावर ठेवला. गुळगुळीत, हिरवागार.

"माशांना रंग आवडतो का रे?" मी विचारलं.

"त्यांना कसला दिसतोय, वहिनी! वजन तेवढंच आहे. घेर तळाला टेकला की संपलं."

मणी खरंच देखणा होता. आत शिसं आहे हे सांगूनही पटलं नसतं.

गुडघे गेल्यापासून मी या खिडकीशीच असते. हिच्या गजांनाही हीच पावडर आहे. गज जिथे रंगवले, त्या कारखान्यातून उरलेली पावडर विनायकने मागून आणली. गज बसवताना मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्याच काळजीपोटी."

काळे गज तुरुंगासारखे दिसतील म्हणून हिरवा रंग मात्र मीच हट्टाने निवडला होता.