एका दिवसात न मावणारे टेलरकाका

आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे शर्ट शिवायला टाकला की तो सातव्या दिवशी मिळतो. पहिल्या दिवशी कापड कापायचं, दुसऱ्या दिवशी कॉलर, तिसऱ्या दिवशी बाह्या. काजं-बटणं शेवटपर्यंत राखून ठेवलेली. घाई केलीत तर सुईवरची नजर न हलवता म्हणतात, "आजच सगळी ताकद घालवली तर उद्या काय करू?"

तरुणपणी काकांनी सात दिवसांची, सात टप्प्यांची सायकल शर्यत जिंकली होती. गंमत अशी की, सातांपैकी एकाही दिवशी ते पहिले आले नव्हते. कधी चौथे, कधी सहावे. पण सातही दिवसांचा वेळ मिळवल्यावर सगळ्यांत कमी यांचाच!

समोरचं सलून त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाचं. त्याने एकदिवसीय शर्यत जिंकलेली. एकच, पण पहिला येऊन. तेव्हापासून तीस वर्षं, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासता फासता तो रस्त्यापलीकडे ओरडतो, "भावोजी, एका दिवसाची शर्यत तुम्हाला झेपली असती का हो?"

"झेपली असती!"

"कशी? तुम्ही तर शिंकसुद्धा दोन टप्प्यांत देता!"

काका हसायचे, पण तो प्रश्न त्यांना आतून कुरतडायचा. म्हणूनच सायकल क्लबाने साठीपुढच्यांसाठी एकदिवसीय शर्यत जाहीर केली, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं आणि मेहुण्याला बजावलं, "नाहीच झेपली, तर तुझ्या सलूनमध्ये येऊन चारचौघांत कबूल करीन."

पहिल्याच चढावर तिघे जण सुसाट पुढे गेले. काका शांत. असल्या उतावळ्यांमागे धावायचं नसतं. आपला खरा प्रतिस्पर्धी हेरायचा आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटायचं. काकांनी हेरला. पांढरी टोपी, काटक पोटऱ्या, पायडलला एकसारखी लय. पाठीवर नंबर नव्हता. मुरलेला गडी आहे, मुद्दाम लपवतोय, काकांनी ताडलं.

तो टपाल कचेरीतला कारकून होता आणि सासुरवाडीला निघाला होता.

त्याने वेग वाढवला की काका वाढवत. तो पाणी प्यायला थांबला की काकाही थांबत. शर्यत डावीकडे वळली, कारकून उजवीकडे वळला, काका उजवीकडे. शेवटी त्याने घाबरून विचारलं, "काका, माझं काही चुकलंय का?"

"ते शेवटच्या किलोमीटरला कळेल," काका गूढ हसले.

दुपार कलताना दोघे सासुरवाडीच्या दारात टेकले.

"तुमचा नंबर कुठाय?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"कसला नंबर? मी सासूबाईंचा चष्मा पोचवायला आलोय."

"अरे देवा! मी तुम्हाला शर्यतीतला प्रतिस्पर्धी समजलो!" काका मटकन पायरीवर बसले. सासूबाईंनी नव्या चष्म्यातून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "हे कोण म्हणायचे?"

"माझे प्रतिस्पर्धी," जावई म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी असलं काही समजलं होतं. त्याची छाती दोन इंच फुगली.

काका पोटभर जेवले, पाय भिंतीला टेकवून पडले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "परत कधी निघणार?"

"उद्या सकाळी सातला."

काका ताडकन उठून बसले. काकूंना फोन करून त्यांनी एवढंच कळवलं, "शर्यत वाढली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारकुनाला चार मिनिटांनी हरवलं आणि सायकल थेट सलूनच्या दारात उभी केली. आत तिन्ही खुर्च्या भरलेल्या.

"नसती झेपली," काका म्हणाले.

मेहुण्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"काल हरलो कळलं, तेव्हा फक्त झोप आली. पण सकाळी पुन्हा निघायचंय म्हटल्यावर अंगात वारं संचारलं. मला दुसरा दिवस लागतो रे. तो नसला की माझे पायच मनावर घेत नाहीत."

तीस वर्षांचा वाद जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस सलूनमधून आवाज नाही. कात्री तेवढी मुक्याने चाललेली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला फेसासकट तसंच सोडून मेहुणा तरातरा रस्ता ओलांडून आला.

"भावोजी, मी नीट विचार केलाय. रस्ता सपाट असता आणि वारा पाठीमागून असता, तर तुम्हाला झेपली असती."

"नाही रे बाबा."

"असती म्हणतो ना! तुम्हाला काय कळतं त्यातलं?"