किल्ल्यांचा जुडगा

संस्थेत त्यांना सगळे मामा म्हणत. उंदरांचे मामा. चौथ्या मजल्यावरच्या प्राणीगृहात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात तीन संचालक आले नि गेले, संशोधक किती आले नि गेले याला तर गणतीच नव्हती, पण उंदराला पाठीकडून धरायचं कसं हे प्रत्येकाला मामांनीच शिकवलं होतं. मामांना उंदीर मनापासून आवडत. माणसांविषयी ते एवढ्या ठामपणे काही बोलत नसत.

सकाळी पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, एकेकाचं वजन करून कार्डावर लिहायचं. मग ज्यांची पाळी असेल त्यांना ट्रॉलीवरून पलीकडच्या खोलीत नेऊन पेट्यांत सोडायचं. पेटीत एक खटका. उंदराने तो दाबला की दिवा लागे आणि पाठीवर बसवलेल्या बारीक नळीतून नशेच्या औषधाचा थेंब त्याच्या रक्तात जाई. आठवड्याभरात उंदीर खाणंपिणं विसरून खटक्याला चिकटून बसे. मग प्रयोग चालवणाऱ्या मॅडम औषध बंद करत. बिचारा दाबून दाबून थके आणि एक दिवस कोपऱ्यात जाऊन मिशा साफ करत बसे. त्या दिवशी मामा त्याच्या कार्डावर लिहीत, ‘सुटली’. हा शब्द मॅडमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता, पण मामांना टोकण्याची कुणाची प्राज्ञा होती?

खरा प्रयोग त्याच्यापुढे असे. महिनाभराने त्याच उंदराला पुन्हा पेटीत सोडायचं आणि नुसता दिवा दाखवायचा. औषध नाही, काही नाही. सुटलेला उंदीर धावत जाऊन खटक्यावर तुटून पडे. आणि आठवड्याने दाखवला तर जेवढा दाबेल त्याच्या दुप्पट महिन्याने दाबे.

“मेंदू जुनं पुसत नाही मामा,” मॅडम म्हणत. “त्याच्यावर नवं लिहितो, एवढंच. जरा खरवडलं की खालचं वर येतं. आणि नशा अंगात गेल्यावर नाही, तिची चाहूल लागली की मेंदू पेटतो.”

मामा मान डोलवत. तेव्हा ते ऐकायला बरं वाटायचं, कारण ते उंदरांबद्दल होतं.

मग लेकीचं कळलं. एकुलती एक लेक, नर्स. पाठ धरली म्हणून वॉर्डातलंच एक दुखण्यावरचं इंजेक्शन तिने स्वतःला टोचून घेतलं आणि तिथून जे सुरू झालं ते वर्षभर आईबापांच्या नाकाखाली चालू राहिलं. दिवसभर नशेतल्या प्राण्यांची वजनं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं दिसू नये, याला काय म्हणावं? मामा स्वतःला जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, चार महिने ती व्यसनमुक्ती केंद्रात राहून आली. मामांची थोरली बहीण भेटायला आली तेव्हा चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढं लक्षात ठेव.” मामांनी तो कप उचलून न्हाणीघराच्या बादलीत टाकला. बहीण तोंड वाकडं करून निघून गेली.

लेक घरी यायच्या आधी मामांनी तिच्या खोलीचं रूप पालटलं. भिंती पिवळ्या केल्या, पलंग खिडकीखालून हलवला, पडदे बदलले, न्हाणीघराची कडी काढून टाकली. तिची जुनी बॅगही जाळली. जुनी पेटी दिसली की उंदराला सगळं आठवतं, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? बायको म्हणाली, “अहो, ती काय उंदीर आहे?” मामा म्हणाले, “उंदीर असती तर मला जमलं असतं.”

आणि दोन महिने खरंच बरे गेले. संस्थेत मात्र घोटाळा झाला. एका गटाला दिवा दाखवायचाच नव्हता. त्यांनी पेटीत गुपचूप बसायला हवं होतं, पण ते सोळाही उंदीर खटके मोडेपर्यंत दाबत राहिले. मॅडमने तीन दिवस कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं आणि मग मामांना बोलावून पडद्यासमोर बसवलं. उंदीर झोपलेले. बाहेरच्या बोळात मामांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला. सोळाच्या सोळा उंदीर मागच्या दोन पायांवर उभे राहिले आणि दाराकडे तोंड करून थरथरू लागले.

“दिवा आम्ही नंतर लावतो मामा,” मॅडम हळूच म्हणाल्या. “त्याआधी रोज तुम्ही येता. त्यांना दिव्याची गरजच नव्हती.”

सोळा उंदीर बाद झाले. बाद म्हणजे काय ते मामांना ठाऊक होतं, कारण ते काम त्यांच्याकडेच असे. ते उरकून ते सहाला घरी पोचले, दाराला किल्ली लावली. लेक स्वयंपाकघरात स्टुलावर भाजी निवडत बसली होती. मामांनी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचा उजवा हात भाजीवरून उठून डाव्या कोपराच्या खळीवर गेला होता.

“किल्ली ऐकली की काय होतं तुला?”

ती दचकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“उंदरांनी.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग हसू तसंच विरलं. “बाबा, तुम्ही यायच्या आत उरकायचं असायचं. सुई काढते न काढते तोच तुमची किल्ली फिरायची. रोज. ते अंगात चढायचं तेव्हा कानात तुमचाच आवाज असायचा. दिवसभर मी ठीक असते. सहा वाजत आले की जीव जातो.”

“मग सांगायचं नाहीस?”

“काय सांगू? बाबा, तुम्ही घरी येऊ नका, असं सांगू?”

दुसऱ्या दिवशी मामांनी जुडगा संस्थेतल्या खणात ठेवला तो ठेवलाच. संस्थेची दारं मॅडमकडून उघडून घेत. घरी येताना जिन्यात चपला काढून हातात घेत, बेलसुद्धा न वाजवता दोन बोटांनी दारावर टकटक करत, आणि लेक आतून दार उघडी. दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं, म्हणून दुसरा इलाज नव्हता. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती, ती साडेसहापर्यंत यायची. ती म्हणाली, “स्वतःच्या घरात चोरासारखे येता.” मामा म्हणाले, “चोर कधी टकटक करतो का?”

तीन आठवडे तसे गेले. लेकीच्या गालांवर मांस आलं. मामांनी सवयीने वजन विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आता माझंही कार्ड काढा.” मामांनी खरंच काढलं. संस्थेतलं एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर एकच शब्द लिहिला, ‘सुटली’, आणि खणात जुडग्याखाली ठेवून दिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी सहाला टकटक केली. दार उघडलं नाही. पुन्हा केली, जरा हलक्या हाताने. झोपली असेल. ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. जुना आवाज नको, जुना बाप नको. मामा चपला मांडीवर घेऊन जिन्यात बसले. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. ते शहाण्यासारखे, लेकीच्या भल्यासाठी, जराही आवाज न करता अर्धा तास बसून राहिले.

बायको आली. “बाहेर का बसलात?” तिने पर्समधून किल्ली काढून दार उघडलं.

न्हाणीघराला कडी नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.

औषध कुठून आणलं ते कधीच कळलं नाही. त्या दुपारी कुठला दिवा लागला होता, कोण जाणे. डॉक्टरांनी सांगितलं की मात्रा तिची जुनीच, नेहमीची होती. पण इतक्या महिन्यांत शरीराची सवय मोडली होती, मेंदूची मोडली नव्हती. मग त्यांनी विचारलं, “घरात कुणी नव्हतं? अर्धा तास आधी आणली असती तर…” बायकोने मामांकडे पाहिलं. त्या अर्ध्या तासाविषयी ती कधीच बोलली नाही, आणि मामांना वाटे की एकदा बोलली असती तर बरं झालं असतं.

बहीण आली, दोन दिवस राहिली, ती म्हण तिने पुन्हा तोंडातून काढली नाही.

चौदाव्या दिवशी मामा कामावर गेले. मॅडम म्हणाल्या, “मामा, अजून थोडे दिवस घ्या.” मामा म्हणाले, “त्यांना पाणी कोण देणार?” त्यांनी खण उघडला. जुडगा उचलला, खालचं कार्ड तसंच राहू दिलं आणि खण लावला. जुडगा कमरेला अडकवला. नव्या गटाचे चोवीस उंदीर आदल्या दिवशीच आले होते, पेटी अजून कुणी पाहिली नव्हती. मामा बोळातून चालत गेले, किल्ल्या वाजत राहिल्या. पहिल्या पिंजऱ्यापाशी थांबून त्यांनी जुडगा मुद्दाम हलवला, जोरात, बराच वेळ.

उंदीर एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपले होते. मामांनी भुशाचं पोतं ओढलं आणि पहिला पिंजरा उघडला.