शोधशब्दांचा मानपान

माझ्या थोरल्या नणंदेच्या यजमानांइतका अस्वस्थ माणूस कृष्णेनं आपल्या उगमापासून सांगलीच्या घाटापर्यंत दुसरा पाहिला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. घरातले सारे त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही म्हणे. बसणं ही क्रिया त्यांना ठाऊक नव्हती. ते फक्त टेकत. सांगलीहून साताऱ्याला आमच्याकडे आले की खुर्चीच्या अगदी कडेला, उडण्याच्या बेतात असलेल्या पाखरासारखे. हाती दिलेला चहाचा कप नंतर तुळशीपाशी सापडे, बशी जिन्यावर, आणि दाजी स्वतः फाटकाबाहेर स्कूटरला किक मारताना. निरोप घ्यायचा राहिला हे त्यांना पोवई नाक्यावर आठवे. मग ते परत येत, निरोप घेत आणि तेवढ्यात आणखी एक कप अर्धा पिऊन जात. वन्सं म्हणत, "सप्तपदीला तेवढे माझ्याबरोबर चालले. त्यानंतर जे फुडं गेलेत, ते अजून मागं वळून बघितलेलं न्हाई!" दाजी ते ऐकत आणि खळखळून हसत, पण हसतानाही त्यांचा एक पाय चपलेत सरकलेला असे.

पोटापाण्यासाठी ते लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट काढत. पण नवरानवरीला मांडवात तासन्तास बसलेलं पाहून त्यांचाच जीव गुदमरे, आणि कॅमेरा हळूच आचाऱ्याच्या कढईकडे वळे. एका कॅसेटमध्ये अक्षता पडल्याच नाहीत, जिलबी मात्र शेवटच्या वळशापर्यंत पडली, तेव्हा वधूपित्यानं जे ऐकवलं त्यानंतर दाजींनी मांडव सोडला आणि कुपवाडची वाट धरली. तिथल्या लहान लहान कारखान्यांच्या, यंत्रांच्या फिती काढायच्या आणि त्या दूरच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायच्या, हा त्यांचा नवा ध्यास. यंत्रं हलत असतात, हे त्यांना फार मानवलं.

याच काळात शब्दांचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांचं म्हणणं असं, की जगात हवी ती वस्तू असतेच, फक्त मागणारा तिला ज्या शब्दानं हाक मारतो तो शब्द विकणाऱ्याला माहीत नसतो. म्हणून ते सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे चिवडत उभे राहत आणि गिऱ्हाइकं काय मागतात ते कान देऊन ऐकत. ओल्या लोखंडाचा आणि सुतळीचा वास कपड्यांत घेऊन ते एकदा थेट साताऱ्याला आले आणि दारातूनच ओरडले, "वहिनी, आज एकानं मागितलं, 'पंप रातभर रडतोय, त्याला गप करायचं कायतरी द्या.' दुकानदारानं मुकाट्यानं वायसर काढून दिला! माणूस वस्तूचं नाव घेत नाही हो, आपलं दुखणं सांगतो." मी महाविद्यालयात कविता शिकवत होते, पण शब्दासाठी इतका आसुसलेला चेहरा माझ्या वर्गात मला कधी दिसला नाही.

त्या वर्षी सांगलीत इंटरनेटचं पहिलंवहिलं दुकान निघालं होतं, आणि पुण्याचे एक गृहस्थ उद्योगांच्या छोट्या फिती संगणकाच्या जाळ्यावर ठेवून देत. पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र, तेही उमटायला एक चहा होई. पण फितीसोबत दहा शोधशब्द देता येत. जगात कुठंही कुणी त्यातला एखादा शब्द लिहिला, की म्हणे ही फीत त्याच्यापुढं उभी राहणार. दाजींनी पहिली फीत निवडली ती कुपवाडच्या एका मेस्त्रींची. मेस्त्री मूळचे आटपाडीकडचे, वडील मेंढरं राखायचे. हे हळद पॉलिश करायचे ढोल बनवत. उकडून वाळवलेली खडबडीत हळकुंडं जाळीच्या ढोलात घालून फिरवली, की एकमेकांवर घासून ती सोन्यासारखी उजळतात. ढोल देखणे होते, पण आसपासच्या साऱ्या व्यापाऱ्यांकडे ते जाऊन बसले होते आणि मोडायचं नाव घेत नव्हते. नवं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. शिरवळच्या एका कारखान्यात मेस्त्रींना नोकरी सांगून आली होती. "दाजी, संक्रांतीपतुर वाट बघतो," मेस्त्री म्हणाले, "न्हाईतर शेडला कुलूप. पोरंबाळं घिऊन शिरवळ. पर लेथ मागं ठिवून जायचं म्हंजे जिवावर येतंय बगा."

हे ऐकल्यापासून दाजींचं टेकणंही बंद झालं. ते माझ्याकडे शब्द मागायला आले. मी मनापासून हरिद्रा, सुवर्णकांती, पीतधूली असे शब्द काढून दिले. त्यांनी ते अंगणात येरझारा घालत मोठ्यानं म्हणून पाहिले. "फार गोड आहेत, वहिनी. पण निजामाबादच्या हळदपेठेतला व्यापारी सकाळी उठून पीतधूली मागेल?" माझे शब्द मी मागं घेतले. इतका नेमका पारखी असताना मेस्त्रींची काळजी कसली, असं मला वाटलं.

दिवाळी झाली, थंडी उतरली, आणि ढोलाची चौकशी करणारं एकही पत्र आलं नाही. मी सांगलीला गेले होते, तेव्हा दाजी मला आणि वन्संना त्या इंटरनेटच्या दुकानात घेऊन गेले. आत गरम प्लास्टिकचा वास, पंख्याची घरघर. पडद्यावर मेस्त्रींच्या फितीखाली दाजींनी दिलेले शोधशब्द इंग्रजी अक्षरांत उमटले. पहिला शब्द, श्री. दुसरा, मेस्त्रींचा बिरोबा. तिसरा, दाजींचा जोतिबा, कारण एका देवाला बोलावून दुसऱ्याला वगळणं बरं दिसत नाही. चौथा, मेस्त्रींचे कैलासवासी वडील. पाचवे, शेडच्या उद्घाटनाची फीत कापणारे मेस्त्रींचे फलटणचे मामा. सहाव्या मामी, कारण एकट्या मामांना बोलावतात का कुठं? मग स्वतः मेस्त्री, त्यांच्या सौभाग्यवती, वीज जोडून देणारे वायरमन. आणि दहाव्या जागी, पंगतीच्या टोकाला कसाबसा पाट मिळालेल्या पाहुण्यासारखी, हळद.

वन्संनी पदर तोंडाला लावला. "आवं, शोधशब्द दिलासा का लग्नाची पत्रिका छापलीसा?"

"अगं, पहिलं कार्य आहे त्यांचं," दाजी कासावीस होऊन म्हणाले. "देवाला सोडायचं? वडिलांना सोडायचं? ज्यांनी फीत कापली त्यांना?"

एक पत्र मात्र आलं होतं. परदेशात राहणाऱ्या कुण्या भाविकानं देवाचा अंगारा पाठवाल का, असं विचारलं होतं. दाजींनी तो खरोखरच पाठवला होता. ते सांगता सांगता दाजींची बोटं टेबलावर पावसासारखी वाजू लागली. "म्हणजे मेस्त्री माझ्यामुळं शिरवळला चाललेत," ते म्हणाले आणि उठून गेले.

शब्द बदलणं सोपं होतं. पुण्याला एक फोन केला की झालं. पण ज्यांना मानानं बसवलं त्यांना न विचारता उठवायचं कसं? संक्रांत तोंडावर आलेली, आणि दाजी परवानग्या मागत हिंडू लागले. बिरोबापुढं नारळ, जोतिबापुढं नारळ आणि गुलाल. वायरमन खांबावर होता, त्याच्याशी खालूनच बोलणं झालं. तो वरून म्हणाला, "माझं नाव हुतं व्हय? मला ठावंच न्हाई की!" मेस्त्रींच्या पत्नी हसून म्हणाल्या, "काढा भाऊ. आमी हाय न्हवं हितं." सर्वांत जड गेले फलटणचे मामा. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. दाजींची सारी हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि अडकित्ता खाली ठेवला.

"मी फीत कापली तवा टाळ्या वाजवल्या समद्यांनी. आता मलाच कापायला आलास व्हय रं?"

"मामा, मेस्त्रींचं घर उठतंय."

मामांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला. "मग काढ. पर मामीला सांगू नगंस. ती आळीभर सांगून बसलीया, की कंपुटरात तिचं नाव हाय म्हून."

नऊ जागा मोकळ्या झाल्या. त्या भरण्यासाठी दाजी सांगलीच्या हळदीच्या पेठेत गेले. भल्या सकाळी पोत्यांतून उठणारी धूळ उन्हात तरंगते, पापण्यांवर बसते, जिभेवर कडसर उतरते. तिथं परप्रांतांतल्या लॉऱ्या लागलेल्या असत. दाजी एकेका चालकापुढं हळकुंड धरत आणि विचारत, "तुझी आई याला काय म्हणते?" कुणी अरिशिण म्हणालं, कुणी मंजळ, कुणी पसुपु. एक तेलंगी चालक तो शब्द उच्चारताना हळकुंड नाकाशी नेऊन क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, असं दाजींनी मला फोनवर सांगितलं. "वहिनी, हे शब्द मागणाऱ्यांचे आहेत," ते म्हणाले. त्या शब्दांना त्यांनी पॉलिश आणि ढोल हे शब्द जोडले, आणि पुण्याला कळवलं.

भोगीच्या दिवशी मी सांगलीतच होते. दाजी मला स्कूटरवर मागं बसवून भरधाव कुपवाडला घेऊन निघाले; त्यांच्या खिशात छापील कागद फडफडत होता. शेडसमोर टेम्पो उभा होता, भांडी चढली होती. मेस्त्री लेथला तेल लावत होते, पुन्हा चालवायचा नसलेल्या यंत्राला लावावं तसं, सावकाश. दाजींनी कागद पुढं केला. आंध्रातल्या एका व्यापाऱ्यानं पसुपु हा शब्द लिहून शोध घेतला होता. त्याला हळकुंडं उजळायचे ढोल हवे होते, आणि हंगामाआधी मिळतील का असं तो विचारत होता.

मेस्त्रींनी कागद दोनदा वाचला, मग टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाले, "भांडी उतरीव गड्या." आणि मी पाहिलं, दाजी पालथ्या घातलेल्या ढोलावर बसले होते. टेकले नव्हते, मांडी घालून, हात सैल सोडून बसले होते. मेस्त्रींच्या पत्नीनं दिलेला चहा त्यांनी तिथंच, तळापर्यंत प्यायला.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा काय मनात आलं कोण जाणे, मी संगणकावर त्यांचं नाव लिहून पाहिलं. काही सापडलं नाही. साऱ्यांना मान देताना स्वतःला त्यांनी कुठंच बसवलं नव्हतं. मग मी हळद, पॉलिश, ढोल असं लिहिलं. कुपवाडची ती शेड अजून चालते. तिथल्या नव्या पिढीनं जुनी फीत जपून पुन्हा चढवली आहे. ढोल फिरतो, पिवळी धूळ उडते, आणि कॅमेऱ्यामागून घाईघाईचा आवाज येतो, "मेस्त्री, जरा बाजूला सरा हो, हळद दिसू दे."

दाजी त्यात कुठंच दिसत नाहीत. चित्र मात्र एक क्षणही स्थिर राहत नाही. ते थांबवायची खूण पडद्यावर समोरच होती; माझं बोट काही तिकडे गेलं नाही.